पुढाऱ्याचा स्वभाव कसा पारखावा: खान्देशातील मतदारांसाठी एक पद्धत

निवडणुकीच्या आधी जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या गावात उमेदवाराची चौकशी केली, तर बहुधा असे उत्तर मिळते की माणूस चांगला आहे, लग्नाला येतो, दशक्रियेला येतो, रात्री फोन केला तरी उचलतो. हे उत्तर खोटे नसते. पण त्यातून तो माणूस भेटतो एवढेच कळते. खुर्चीवर बसल्यावर अप्रिय बातमी कानावर आली, जवळच्या माणसाचे काम नियमात बसेना किंवा स्वतःचाच निर्णय चुकला, तर तो काय करील, हे त्यातून कळत नाही. आणि पाच वर्षांचा कारभार बहुतांशी अशाच प्रसंगांवर ठरतो. हा अंदाज आधी कसा बांधावा आणि माणूस निवडून आल्यावर तो कसा तपासत राहावे, याची एक पद्धत येथे मांडली आहे. तिला एक शंभर पानी वही, बऱ्यापैकी चिकाटी आणि आवडीनिवडी बाजूला ठेवण्याची तयारी एवढेच लागते.

सुरुवात भाषणापासून करू नये. त्या माणसाने याआधी कोठे ना कोठे थोडीफार सत्ता हाताळलेली असते. पहिले पान त्या जागेसाठी ठेवावे. खान्देशात ही जागा बहुधा विविध कार्यकारी सोसायटी, बाजार समिती, दूध संघ, साखर कारखाना, पतसंस्था किंवा शिक्षण संस्था असते. सहकारी संस्था असेल आणि आपण तिचे सभासद असू, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सभांची इतिवृत्ते कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे. इतिवृत्तांची ही वही, म्हणजे प्रोसिडिंग बुक, वाचताना आकड्यांपेक्षा माणसांकडे लक्ष द्यावे. वर्षानुवर्षे प्रत्येक विषय ‘सर्वानुमते मंजूर’ आहे की कोणाचा विरोधही नोंदलेला दिसतो? विरोध करणारा संचालक पुढच्या पॅनेलमध्ये होता का? सचिव किंवा व्यवस्थापक दर वर्षी बदलले का, आणि ते कोणत्या वादानंतर गेले? सोसायटीच्या चेअरमनने विरोधकाशी जसे वर्तन केले, साधारण तसेच तो आमदार झाल्यावर वागतो, फक्त त्याच्या हातातली साधने मोठी झालेली असतात.

जुन्या पदाला इतके महत्त्व का द्यायचे, हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या चरित्रावरून चांगले समजते. १९०२ मध्ये ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, पहिल्या काही वर्षांत तेथील अध्यापनाची रीत त्यांनी मोठ्या धडाडीने बदलली, आणि मग पदव्युत्तर महाविद्यालय कोठे असावे व त्यावर ताबा कोणाचा असावा या वादात डीन अँड्र्यू वेस्ट यांच्याशी त्यांचे असे बिनसले की तडजोडीला जागा असतानाही त्यांनी तो तत्त्वाचा प्रश्न करून टाकला आणि १९१० मध्ये ते हरले. राष्ट्राध्यक्षपदावरही आधी भराभर सुधारणा झाल्या आणि अखेरीस तोच पेच पुन्हा उभा राहिला. पहिल्या महायुद्धानंतरचा, राष्ट्रसंघाचा समावेश असलेला व्हर्सायचा तह विरोधी रिपब्लिकन पक्षाचे नेते हेन्री कॅबट लॉज यांच्या अटींसह सिनेटमध्ये संमत होण्याची शक्यता होती. परंतु विल्सन यांनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना अटींसह आलेल्या ठरावाविरुद्ध मत देण्यास सांगितले. १९ नोव्हेंबर १९१९ रोजी तह फेटाळला गेला, आणि १९ मार्च १९२० रोजी सात मते कमी पडून पुन्हा फेटाळला गेला. या दोन्ही मतदानांच्या आधी, २ ऑक्टोबर १९१९ रोजी, विल्सन यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला होता, त्यामुळे सगळा दोष स्वभावावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही प्रिन्स्टनचा वाद या झटक्याच्या बराच आधीचा होता, हे विसरता येत नाही.

दुसऱ्या पानावर दोन प्रश्न लिहावेत. जेम्स डेव्हिड बार्बर या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्षांची वर्गवारी याच दोन प्रश्नांवर उभी केली: हा माणूस कामात किती शक्ती ओततो, आणि ते काम करताना त्याला समाधान मिळते की ते ओझे वाटते? त्यातून चार प्रकार होतात. त्यांतला सर्वांत धोक्याचा प्रकार अफाट राबणाऱ्या, पण आतून कायम असमाधानी, संशयी आणि डिवचलेल्या माणसाचा. बार्बर यांनी रिचर्ड निक्सन यांना या प्रकारात घातले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले, आणि विरोधकांवरच्या पाळतीचे प्रकरण दडपण्याच्या प्रयत्नात अडकून ९ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांना पद सोडावे लागले. एवढ्या मोठ्या विजयानेही मनातला संशय शमला नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या ‘एकदा मंत्रिपद मिळाले की शांत होतील’ या आशेवर विश्वास ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

मात्र ही वर्गवारी डोळे झाकून वापरू नये. बार्बर यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना निष्क्रिय आणि अनुत्साही ठरवले होते. नंतर अभ्यासकांसाठी खुल्या झालेल्या कागदपत्रांतून दिसले की ते पडद्याआडून बारकाईने कारभार हलवत होते. गाजावाजा न करणारा पुढारी म्हणजे काम न करणारा पुढारी, ही समजूत आपल्याकडेही भल्याभल्यांची फसगत करते. म्हणून शक्ती मोजताना सत्कार, बॅनर आणि मोबाइलवरच्या चित्रफिती मोजू नयेत. आमदार असेल तर त्याने विचारलेले तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणारे) प्रश्न आणि मांडलेल्या लक्षवेधी सूचना विधिमंडळाच्या कामकाजातून पाहाव्यात. सरपंच असेल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांना स्वतः जाऊन बसावे आणि निधीचा हिशेब विचारला जातो त्या क्षणी तो खुलतो की आकसतो, एवढे लिहून आणावे. अक्कलकुवा, धडगाव आणि शहादा तालुक्याचा काही भाग येथे आदिवासी क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा लागू आहे, तेथे ग्रामसभेचे अधिकार मोठे असल्यामुळे ही नोंद अधिक मोलाची ठरते.

तिसरी नोंद सर्वांत जास्त वेळ घेते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त सांगते: पुढाऱ्यापर्यंत वाईट बातमी पोहोचते का? जॉन केनेडी यांनी एप्रिल १९६१ मध्ये क्युबातील ‘बे ऑफ पिग्स’च्या स्वारीला मान्यता दिली. सल्लागारांपैकी काहींच्या मनात शंका होत्या, पण खोलीतल्या एकमताच्या दबावाखाली त्या पुरेशा जोराने मांडल्याच गेल्या नाहीत, आणि मोहीम तीन दिवसांत कोसळली. ऑक्टोबर १९६२ मध्ये त्याच क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळली, तेव्हा माणूस तोच होता, सल्लागारही बरेचसे तेच होते; पण केनेडी यांनी बैठकीची रीत बदलली होती. ते स्वतः काही बैठकांना मुद्दाम अनुपस्थित राहत, पदाचा मान बाजूला ठेवून वाद होऊ देत आणि प्रत्येक पर्यायाची उलटतपासणी करवून घेत. हवाई हल्ल्याचा पहिला सूर मागे पडून नाकेबंदीचा पर्याय पुढे आला, तो या रीतीमुळे. स्वभाव सहसा बदलत नाही, पण आपल्या स्वभावाला आवर घालणारी व्यवस्था माणूस स्वतःभोवती उभारू शकतो, आणि ती उभारण्याची इच्छा असणे हाही स्वभावाचाच भाग आहे.

तालुक्यात ही गोष्ट पाहण्याची उत्तम जागा म्हणजे पंचायत समितीची आमसभा. तेथे अध्यक्षस्थानी आमदार असतो, समोर गटविकास अधिकारी, अभियंते, सरपंच आणि नागरिक असतात. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने ‘योजना अपूर्ण आहे’ असे खरे सांगितले, तर त्याचा भरसभेत पाणउतारा होतो की पुढचा प्रश्न विचारला जातो? पाणउताऱ्याला टाळ्या पडतात, हे खरे. परंतु पुढच्या वर्षी तोच अभियंता सगळे काही ‘प्रगतिपथावर’ असल्याचे सांगतो आणि आमदाराला खरी स्थिती टँकर सुरू झाल्यावर कळते. संपर्क कार्यालयातही असेच पाहावे. खान्देशात माणूस एकदा सगळ्यांचा भाऊ, दादा, अण्णा किंवा आबा झाला की त्याच्या तोंडावर ‘हे चुकले’ म्हणणे घरातल्या वडीलधाऱ्याला उलट बोलण्यासारखे होऊन बसते. अशा वेळी त्याच्या भोवती निदान एक तरी मोकळेपणी बोलणारा माणूस दहा वर्षे टिकला आहे का, हे शोधावे.

चौथी गोष्ट: कोणत्याही गुणापुढे केवळ ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असे लिहू नये, तो कोणत्या प्रसंगी दिसला हे लिहावे. इंदिरा गांधी यांचा एकहाती, निश्चल आणि मनातले कोणाला न कळू देणारा स्वभाव १९७१ मध्ये देशाच्या कामी आला. निर्वासितांचे लोंढे येत असतानाही त्यांनी घाई केली नाही, लष्कराला तयारीसाठी वेळ दिला, परदेशांत बाजू मांडली, आणि डिसेंबरचे युद्ध १६ तारखेला संपले. १२ जून १९७५ च्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्याच स्वभावाने आणीबाणी आणली. २५ जूनच्या रात्री घोषणेवर सही झाली आणि मंत्रिमंडळाला ती दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. १९७१ मध्ये त्यांचे प्रधान सचिव असलेले पी. एन. हक्सर यांनी १९७३ मध्ये ते पद सोडले होते. एका माणसाच्या जाण्याने इतिहास घडत नाही, हे मान्य. पण संकट बाहेरचे आहे की स्वतःच्या खुर्चीवरचे, आणि त्या वेळी शेजारी कोण आहे, यावर एकाच गुणाचे फळ बदलते.

मवाळपणाचेही तसेच आहे. लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्री असताना १९५६ मध्ये महबूबनगरच्या रेल्वे अपघातानंतर राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही. अरियलूरच्या अपघातानंतर दिलेला स्वीकारला गेला. जबाबदारी घेण्याची ही वृत्ती दुर्मीळ आहे, जरी राजीनाम्याने पूल दुरुस्त होत नाहीत हेही तितकेच खरे. सप्टेंबर १९६५ मध्ये याच लहानखुऱ्या, हळू बोलणाऱ्या पंतप्रधानांनी लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडण्यास मान्यता दिली. आवाजाच्या पट्टीवरून निर्णयशक्ती ठरवणाऱ्यांसाठी हा दाखला पुरेसा आहे. आणि अमळनेरला शिक्षक राहिलेल्या, १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी राबलेल्या सानेगुरुजींच्या मोजपट्टीने आजचा आमदार मोजू नये. गुरुजींनी सत्तेचे पद कधी भूषवलेच नाही, त्यामुळे ती तुलना कोणाच्याच कामाची नाही.

पाचवी नोंद पुढाऱ्याच्या बाजूने आहे. प्रत्येक अपयश स्वभावाचे नसते. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यात आहे आणि त्याच्या पाण्याकडे डोळे लावून बसतो तो जळगाव जिल्हा. सिंचनाच्या पाण्याचे आवर्तन उशिरा सुटले, तर आधी धरणातला साठा, पिण्यासाठीचे आरक्षण आणि कालवा सल्लागार समितीचा निर्णय पाहावा, आणि मग आमदाराने त्या मर्यादेत काय केले ते लिहावे. पाऊस चांगला झाला म्हणून त्याला श्रेय देणेही याच न्यायाने टाळावे. नोंद पक्षपाती झाली का, हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे नाव झाकून ती विरोधी पक्षाच्या एखाद्या समंजस माणसाला वाचायला देणे. समाज, भाऊबंदकी आणि जुने उपकार यांचे वजन किती पडले होते, ते त्याच्या पहिल्या प्रश्नातच उघड होते.

एक कुंपण मात्र ओलांडू नये. १९६४ मध्ये ‘फॅक्ट’ नावाच्या अमेरिकी नियतकालिकाने राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक योग्यतेबद्दल मनोविकारतज्ज्ञांची मते मागवली आणि १,१८९ जणांनी त्यांना अयोग्य ठरवल्याचे छापले. त्यांपैकी कोणी त्यांची तपासणी केलेली नव्हती. गोल्डवॉटर यांनी बदनामीचा खटला जिंकला, आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीचे निदान जाहीर करू नये असा नियम केला. जो नियम तज्ज्ञांना, तो आपल्यालाही. वहीत ‘अहंकारी आहे’, ‘वेडा झाला आहे’ असे लिहू नये; ‘अमुक तारखेच्या आमसभेत तीन वेळा विचारूनही रस्त्याच्या कामाचे उत्तर दिले नाही’ असे लिहावे.

निवडणूक जाहीर झाल्यावर उमेदवाराचे नमुना २६ मधील शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे आणि मागील निवडणुकीच्या शपथपत्राशेजारी ठेवावे. मालमत्ता आणि गुन्हे यांवर सर्वांचेच लक्ष जाते. त्याबरोबर कर्जे, व्यवसाय आणि कुटुंबीयांच्या नावावरील मत्ता यांतले बदलही उतरवून घ्यावेत, आणि प्रचारात त्यांबद्दल विचारले असता त्याने कागद दाखवला, विषय बदलला की विचारणाऱ्याचे गाव आणि आडनाव विचारले, हे तारखेसह वहीच्या शेवटच्या पानावर लिहावे.