परदेशी वीज आणि चार्जर: या चुका टाळा

दुरुस्तीला जळका चार्जर आला की मी आधी विचारतो, "मागचं बारीक अक्षरातलं लेबल वाचलं होतं का?" उत्तर ठरलेलं: "पिन तर नीट बसली होती!"

पिन बसणं वेगळं, वीज जुळणं वेगळं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (म्हणजे विजेच्या सेकंदाला ५० लाटा). अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, त्यातही टोकियोत ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६०. ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेजला हातही लावत नाही.

माझ्या भाच्याने न्यू जर्सीहून कॉर्डलेस ड्रिल आणलं. आठवडाभर तो त्याच अडॅप्टरवर लॅपटॉप चार्ज करत होता, म्हणून अडॅप्टरवर त्याचा पूर्ण भरवसा बसला. "मामा, दहा मिनिटांत बॅटरी भरतो," म्हणत त्याने ड्रिलचा चार्जर लावला. फट्ट आवाज, जळका वास, एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) खाली. चार्जर उघडला तर आतला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा डबीसारखा भाग) डोकं फुटून पडलेला. त्यावर छापलं होतं २०० व्होल्ट. आपलं २३० हा सरासरीसारखा आकडा, लाटेचं टोक सव्वातीनशेपर्यंत जातं. तो बिचारा टिकणार कसा? लॅपटॉपच्या चार्जरवर 'इनपुट १००-२४०, ५०/६०' होतं, ड्रिलच्या चार्जरवर नुसतं १२०. दोन्ही लेबलं वाचायला अर्धा मिनिट पुरलं असतं. या घाईचा मला खरंच राग येतो.

फोन, लॅपटॉप, कॅमेऱ्याचे आजचे चार्जर बहुतेक १००-२४० वालेच असतात. तिथे हर्ट्झची काळजी नको, कारण चार्जर आलेल्या विजेचं आधी डीसीच (एकाच दिशेने वाहणारी वीज) करतो. इलेक्ट्रिक टूथब्रशचा स्टँड आणि ट्रिमर मात्र दरवेळी तपासा.

नुसतं १२० लिहिलेलं असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. मी चार्जरच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घेतो. ऐन काठावरचा स्वस्त पडला तरी घेत नाही. मात्र त्याने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ ५०च राहतात. आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेला जुना, वजनदार चार्जर फक्त ६० हर्ट्झचा असेल, तर ५०वर जास्त तापतो. असा चार्जर लावून मी बाहेर जात नाही. दर दहा मिनिटांनी त्याच्या डब्याला हात लावून बघतो. हात ठेववेना झाला की काढतो.

हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर चार्जरला लावू नका, तो वीज तुकड्या-तुकड्यांनी सोडतो.

अमेरिकेतला सर्ज प्रोटेक्टर वाला एक्स्टेंशन बोर्ड इथे आणूच नका. आतला व्हॅरिस्टर (जादा व्होल्ट अडवणारा भाग) १२०च्या हिशेबाचा. २३०ला तो जळतो, कधी बोर्डही वितळतो.

माझ्याकडच्या प्रत्येक परदेशी चार्जरवर पांढरी टेप आहे, तिच्यावर मार्करने ठळक आकडा. भाच्याच्या ड्रिलला इथलाच २३०चा चार्जर मिळाला. त्यावरची टेप त्याने स्वतः चिकटवली.