प्रिंटरमध्ये कागद अडकला? या चुका टाळा

"मामा, प्रिंटरनं कागद गिळला." पावसाळ्यात भाच्याचा असा एक तरी फोन येतोच. तो खानापुरात, मी बेळगावात, त्यामुळं सगळी दुरुस्ती फोनवरच. गेल्या आषाढात तर फोन करायच्या आधीच त्यानं हिसडा मारून कागद ओढला होता. अर्धा हातात आला, अर्धा आत राहिला, आणि शाळेचा प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा.

हिसडा मारणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कागद रबरी रोलरच्या पकडीत असतो आणि रोलर बारीक दातेरी चाकांवर फिरतात. भलत्या दिशेनं जोर लावला की कागद फाटतो, एखाद्या वेळी चाकाचा दाताही जातो. म्हणून आधी छपाईचं काम रद्द करा, बटणानं प्रिंटर बंद करा आणि मगच वायर काढा. कागद बराचसा बाहेर आला असेल तर पुढून काढा; नुकताच आत शिरला असेल तर मागच्या ट्रेकडून. दोन्ही कडा दोन्ही हातांनी धरायच्या, सरळ आणि सावकाश ओढायचं. तिरका ओढलात की फाटलाच समजा.

भाच्याला मग स्कॅनरचा भाग उचलायला लावला, मोबाईलची बॅटरी मारायला सांगितली. निघालेले तुकडे टेबलावर जोडून पान पुरं होतंय का, ते बघायला लावलं. डाव्या कोपऱ्यातला रुपयाएवढा तुकडा कमी भरला. तो रोलरखाली सापडला, चिमट्यानं निघाला. हा जोडून बघायचा कंटाळा सगळेच करतात, आणि मग आत कागदच नसताना प्रिंटर 'पेपर जॅम' म्हणून अडून बसतो. कागद आलाय की नाही हे ओळखायला आत एक छोटा प्लास्टिकचा खटका असतो. त्याला तुकडा चिकटला की प्रिंटरला वाटतं कागद अजून तिथंच आहे.

आत हात घालाल तेव्हा हेडच्या, म्हणजे इकडून तिकडं सरकत कागदावर शाई सोडणाऱ्या भागाच्या, मागं आडवी ताणलेली पारदर्शक पट्टी दिसेल. तिला बोट लावू नका. हेड कुठं आहे हे प्रिंटर त्या पट्टीवरच्या बारीक रेघांवरून ओळखतो. तिच्यावर शाईचा डाग पडला की हेड भलतीकडंच धावतं, कडेला आपटतं. हेड मध्येच अडकलं असेल तर तेही जोर लावून सरकवू नका.

आता मूळ दुखणं. आमच्याकडं खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. घरातला पापड सादळतो, तसाच कागदही सादळतो. कागद म्हणजे झाडाचे तंतू. हवेतली ओल पिऊन ते फुगतात, कडा लाटांसारख्या होतात आणि पानं एकमेकांना चिकटतात. रोलर एक पान उचलायला जातो, दोन-तीन येतात. मागच्या ट्रेमध्ये पन्नास पानं रात्रंदिवस उभी ठेवून द्यायची सवय इथंच नडते. उभ्या उभ्या ती वाकतात, वर धूळ बसते ती वेगळी. लागतील तेवढीच पानं लावा, उरलेली रीम तिच्याच वेष्टणात गुंडाळून आडवी ठेवा. लावण्याआधी गठ्ठ्याच्या कडा फडफडवून घ्या, मग टेबलावर आपटून सारख्या करा. बाजूच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकल्या पाहिजेत. सैल सोडल्या तर कागद तिरका जातो, आवळल्या तर वाकतो. सादळलेली पानं तव्यावर शेकणारे महाभागही मी बघितलेत. तसली पानं हिशेबाच्या वहीसारखी वापरा, प्रिंटरला देऊ नका.

पाठकोऱ्या कागदाचं काय करायचं? आपल्याकडं एका बाजूनं छापलेला कागद टाकून देणं म्हणजे पाप. उताऱ्याची जुनी झेरॉक्स, अर्जाच्या चुकलेल्या प्रती, सगळं ट्रेमध्ये जातं. मीही घालतो, पण पिन काढल्यावर तो कोपरा बोटानं चाचपतो. तुटलेल्या पिनेचा तुकडा राहिला तर रोलरवर चरे पडतात. घडीचा, सुरकुतलेला किंवा कोपरा दुमडलेला कागद सरळ बाजूला काढा. ७० जीएसएम आणि ८० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पानं एका गठ्ठ्यात मिसळू नका. गणपतीच्या वेळी मंडळाची निमंत्रणं जाड कार्डावर घरीच छापायची हौस येते. खालच्या ट्रेमधून कागद आत उलटा वळून वर येत असेल, तर ते कार्ड तिथं वळणारच नाही. मागून सरळ घालायची सोय असेल तरच छापा, आणि एकेक करून.

कागद चांगला असूनही रोलर नुसता घरघरतो, पान उचलतच नाही, असं झालं तर रबर मळलंय. निपाणीत आमच्या एका पाहुण्यांची खोली तंबाखूच्या वखारीला लागून आहे. तिथं रोलरवर बोट फिरवलं की तपकिरी भुकटी निघते. धागे न सुटणारं फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं, बंद प्रिंटरचा रोलर हातानं हळू फिरवत पुसायचा, वाळू द्यायचा. थिनर नको, सॅनिटायझरही नको. त्यानं रबर कडक होतं.

छापता छापता लाईट गेली तर कागद ओढू नका. बरेच प्रिंटर लाईट आल्यावर तो स्वतःच बाहेर ढकलतात.

शेवटचं, टाकीत शाई ओतायच्या प्रिंटरबद्दल. मागच्या ट्रेमध्ये पोरांची पेन्सिल पडते, टाचणी पडते, आणि ती काढायला माणसं प्रिंटर उलटा करून झटकतात. गादीवर शाई सांडल्यावर मग मला फोन. बॅटरी मारा, लांब चिमटा वापरा. नाहीच निघाली तर दुकानात न्या, पण नेताना टाक्यांची झाकणं घट्ट लावून, मांडीवर सपाट धरून. भाचा एकदा खानापूरच्या बसमध्ये प्रिंटर पिशवीत उभा धरून आला होता. त्याच्या पँटवरचा निळा डाग अजून गेलेला नाही.