सिस्टिमॅटिक रिव्ह्यूवर किती भरवसा ठेवायचा, हे कसं ठरवावं?

मे 2021मध्ये गोवा सरकारने 18 वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाच्या गोळ्या देण्याचं जाहीर केलं. या गोळीने कोविडचे मृत्यू कमी होतात, असं सांगणारे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरावीक पद्धतीने शोधून, तपासून एकत्र मांडणारे पेपर) त्या वर्षी फिरत होते. जुलैमध्ये त्यांत धरलेला इजिप्तमधला एक मोठा अभ्यास आकडेवारीवर शंका आल्याने प्रीप्रिंट साइटने (तज्ज्ञांच्या तपासणीआधीचे पेपर ठेवणाऱ्या संकेतस्थळाने) मागे घेतला. एका रिव्ह्यूच्या लेखकांनी असे संशयास्पद अभ्यास वगळून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा मृत्यूंमधला फायदा उरला नाही. गणित चोख असूनही आत घातलेला माल खराब असला की असं होतं.

म्हणून ॲब्स्ट्रॅक्टच्या, म्हणजे पेपरच्या सुरुवातीच्या सारांशाच्या, शेवटच्या ओळीवर विसंबू नका. आधी प्रोटोकॉल, म्हणजे कामाचा आधी लिहिलेला आराखडा, शोधा. प्रॉस्पेरो या रिव्ह्यूंच्या ऑनलाइन नोंदवहीतल्या नोंदणीचा क्रमांक ‘सीआरडी’ने सुरू होतो. नोंदणी काम सुरू होण्याआधीची आहे का? तिथे लिहिलेला मुख्य परिणाम आणि पेपरमधला मुख्य परिणाम एकच आहे का? मधेच मृत्यूऐवजी ‘लक्षणांत सुधारणा’ आली असेल आणि कारण दिलं नसेल, तर हवा तो आकडा निवडल्याची शंका घ्यायला जागा आहे.

शोध निदान दोन डेटाबेसमध्ये हवा. सोबत ट्रायल रजिस्ट्री, म्हणजे औषधांच्या चाचण्यांच्या नोंदवह्याही पाहिलेल्या बऱ्या, कारण औषध निष्फळ ठरलेले अभ्यास पुष्कळदा छापलेच जात नाहीत. अभ्यास निवडण्याचं काम दोघांनी स्वतंत्रपणे केलेलं असावं आणि पूर्ण वाचून वगळलेल्या पेपरांची यादी कारणांसह दिलेली असावी. ही यादी बहुतेक जण देत नाहीत.

खरा वेळ फॉरेस्ट प्लॉटवर, म्हणजे सगळ्या अभ्यासांचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या आकृतीवर घालवा. प्रत्येक चौकोन म्हणजे एक अभ्यास, आडवी रेघ म्हणजे त्याची अनिश्चितता, खालचा हिरा म्हणजे एकत्रित निकाल. ‘काहीच परिणाम नाही’ दाखवणारी उभी रेघ, निकाल दोन गटांमधलं गुणोत्तर म्हणून दिला असेल तर 1वर असते, वजाबाकीने काढलेला फरक म्हणून दिला असेल तर 0वर. हिरा या रेघेला शिवला, तर फायदा सिद्ध झालेला नाही. मग वजनाचा, म्हणजे एकत्रित निकालात कुठल्या अभ्यासाचा किती वाटा आहे त्याचा, रकाना बघा. एकाच अभ्यासाचं वजन 40 टक्के असेल, तर तो पेपर स्वतः उघडा आणि मागे घेतला गेला आहे का, हे पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसवर तपासा. अभ्यासांमधली तफावत मोजणारा आय-स्क्वेअर 75 टक्क्यांच्या वर असेल, तर अभ्यास एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. अशा वेळी सरासरीपेक्षा तफावतीचं कारण महत्त्वाचं. न छापलेल्या अभ्यासांचा सुगावा देणारी फनेल प्लॉट ही आकृती 10पेक्षा कमी अभ्यासांवर काढली असेल, तर त्यावरून काही ठरवू नका.

पूर्वग्रहाच्या जोखमीचा तक्ता (कुठल्या अभ्यासाचा निकाल सदोष पद्धतीमुळे एका बाजूला झुकलेला असू शकतो, ते दाखवणारा) हल्ली बहुतेक जण देतात. पण तक्त्यात निम्मे अभ्यास लाल, म्हणजे जास्त जोखमीचे, आणि निष्कर्षात त्यांचा उल्लेखही नाही, असं सर्रास दिसतं. जोखमीचे अभ्यास काढून निकाल टिकतो का, हे लेखकांनी दाखवायला हवं. ‘धोका निम्मा झाला’ असं वाचलं की मूळ धोका विचारा: हजारात 2चा 1 झाला, तरी धोका निम्माच होतो.

‘प्रिझ्मानुसार’ या शब्दाने भुलू नका. प्रिझ्मा ही 27 मुद्द्यांची यादी अहवाल कसा लिहावा ते सांगते, काम चांगलं झालं का ते नाही. त्यासाठी ॲमस्टार-2 ही रिव्ह्यूचा दर्जा तपासणारी प्रश्नावली वापरा. त्यात 16 प्रश्न असून 7 कळीचे मानले आहेत. गुणांची बेरीज करायची नाही: कळीची एक त्रुटी निघाली की विश्वास ‘कमी’, एकाहून जास्त निघाल्या की ‘अत्यंत कमी’.