पंधरा वर्षं उभ्या ट्रकला सेल मारायच्या आधी: या चुका टाळा

आमच्या घरामागून साखर कारखान्याचा रस्ता जायचा आणि सीझनला रात्रभर उसाच्या गाड्या चालू असायच्या. मी अंथरुणात पडल्या पडल्या ओळखायचो, ही टाटा, ही लेलँड, हिचा सायलेन्सर फुटलाय, हा ड्रायव्हर गिअर उशिरा टाकतोय. आई म्हणायची याला अभ्यास सोडून सगळं ऐकू येतं. ती हौस पन्नाशी आली तरी गेली नाही, फक्त महाग झाली. आज शेडमध्ये टाटाची एक बोनेटवाली 1210 ट्रक आहे आणि एक लिस्टर टाइप सिंगल सिलिंडर इंजिन आहे, आणि ही दोन्ही धडं चालू करताना मी जेवढी माती खाल्ली तेवढी तुम्ही खाऊ नये म्हणून हे लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे घरी आणल्या आणल्या नवीन बॅटरी लावून सेल मारून, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवून, बघणे. मोह होतो, मान्य आहे, चार मित्र जमलेले असतात, कुणीतरी मोबाईल धरून शूटिंगला उभा असतो. पण वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा लाइनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, गंजून चिकटलेल्या असतात आणि सेलची ताकद त्यावर पडली की एक तर रिंग तुटते नाहीतर लाइनरवर ओरखडे पडतात. आधी सगळे नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे, काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं करून थोडं ओता आणि चार-पाच दिवस गाडीकडे जाऊच नका. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हलवा, पुढे थोडं, मागे थोडं. नाही हललं तर पान्याला पाईप घालून लटकू नका, परत ऑइल टाका, परत थांबा. माझं इंजिन अकराव्या दिवशी हललं, जेमतेम बोटभर, आणि त्या दिवशी मी घरात पेढे आणले.

आणि हो, हलल्यावर नोझल लगेच बसवू नका. आत ओतलेलं ऑइल तसंच राहिलं आणि वरून नोझल लावून सेल मारला तर ऑइल काही दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल बाहेर ठेवूनच भरपूर फिरवा, भोकांतून पिचकाऱ्या उडतील, तोंड लांब ठेवा.

ऑइल बदलताना इंजिनखालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट एकदम काढू नका. हळूच सैल करा आणि आधी काय येतंय ते बघा. पाणी जड असतं, ते तळाला बसतं, त्यामुळे असेल तर पहिलं तेच येणार. माझ्याकडे चहाचा ग्लासभर आलं आणि मी हेड गॅस्केट गेलं म्हणून डोकं धरून बसलो, पण पाणी सायलेन्सरच्या उभ्या पाईपातून पावसाचं गेलेलं होतं. आपल्याकडचा कुठलाही शेतकरी ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर उलटा डबा घालतो तो उगाच नाही.

टाकीतलं जुनं डिझेल वापरायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. खाली पाणी आणि चिकट गाळ असतो, तो डिझेल पंपात गेला की खर्च दुप्पट. टाकी काढून धुवायची, फिल्टर नवे, मग डिझेलच्या लाइनमधली एअर काढायची. एअर काढताना लोक थेट नोझलचे पाईप सैल करतात आणि मग म्हणतात गाडी घेत नाही. क्रम असतो, आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलचे पाईप, आणि प्रत्येक ठिकाणी फेस बंद होऊन अखंड डिझेल आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता ज्या चुकीने माझी खरंच फाटली ती सांगतो. जुन्या डिझेल गाडीत चावी बंद केली म्हणून इंजिन बंद होत नाही, स्टॉपची दांडी ओढली की पंपातली रॅक, म्हणजे डिझेल किती जायचं ते ठरवणारी पट्टी, सरकते आणि डिझेल तुटतं. पण उभ्या गाडीत जुनं डिझेल डिंकासारखं सुकतं आणि ती रॅक फुल डिझेलवरच अडकून बसलेली असू शकते. माझी तशीच होती आणि मी बघितलीच नव्हती. इंजिन चालू झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आवाज चढायला लागला तो चढतच गेला. स्टॉप ओढला, काही नाही. अख्खी शेड थरथरायला लागली, टाळ्या वाजवणारे पहिले पळाले. आमच्या मिस्त्रींनी शांतपणे खोक्याची एक जाड फळी उचलली आणि हवेच्या तोंडावर दाबून धरली, तीन-चार सेकंदात इंजिन गुदमरून बंद. म्हणून पहिल्या स्टार्टच्या आधी पंपाचं साईडचं झाकण काढून रॅक डोळ्यांनी हलताना बघा, एअर क्लीनर काढून ठेवा आणि फळी हातात घेऊन एक माणूस उभा करा. हात किंवा फडकं लावायचं नाही, आत ओढलं जातं. एअर क्लीनर ऑइलवाला असेल तर नंतर बसवताना त्यात खुणेपर्यंतच ऑइल भरा, जास्त झालं तर इंजिन तेच ऑइल ओढून पळतं आणि मग डिझेल तोडूनही उपयोग नाही.

सिंगल सिलिंडरवाल्यांसाठी वेगळं. लिस्टरचं ते मूळ डिझाइन इंग्लंडमधलं, 1929 च्या सुमाराचं, पुढे त्यातलं सहा हॉर्सपॉवरचं, फक्त 650 आरपीएमचं मॉडेल आलं, राजकोटला त्याच्या कॉप्या वर्षानुवर्षं बनल्या. चालतं मस्त, दणका असा की जमिनीतून पायात येतो. पण हॅण्डल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हॅण्डलभोवती वळवायचा नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर बाकीची बोटं सुटतात, वळवलेला अंगठा सुटत नाही. डिकम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरातला दाब सोडणारी दांडी उचला, व्हीलला चांगला वेग येईपर्यंत फिरवा, मग दांडी सोडा. गळ्यात टॉवेल, खांद्यावर उपरणं काही नको, ते व्हील दिसायला निवांत असतं पण पकडलं की सोडत नाही.

टायर. जुन्या 9.00-20 मापाच्या टायरच्या डिस्कला टायर धरून ठेवणारी लोखंडी लॉक रिंग असते आणि गंजलेल्या रिंगवर हवा भरणं म्हणजे तोफेसमोर उकिडवं बसणं आहे. मी एका पंक्चरवाल्याकडे रिंग सुटून पत्र्याच्या छताला भोक पाडून गेलेली बघितलीय, नशीब तो चहा आणायला गेला होता. रिंग गंजलेली असेल तर भंगारात टाका, हवा भरताना पिंजरा पाहिजे आणि लांब पाईप लावून बाजूला उभं राहायचं. इथे काटकसर नको.

ब्रेकमध्ये ब्रेक ऑइलच. कमी पडलं म्हणून इंजिन ऑइल टाकलं तर रबरं फुगतात आणि सगळे सिलिंडर परत खोलायला लागतात. इंजिन चालू झालं म्हणून ब्रेक बघायच्या आधी गल्लीत चक्कर मारायची नाही, बाकी काय सांगू.

पार्ट आणताना "1210 चा पिस्टन द्या" म्हणू नका. 1210 म्हणजे साधारण 12 टन आणि 100 च्या आसपास हॉर्सपॉवर, तो गाडीचा नंबर झाला. इंजिनचा नंबर वेगळा, 692 म्हणजे सहा सिलिंडर आणि 92 मिलिमीटरचा बोअर, 697 म्हणजे 97 चा. इतक्या वर्षांत कुणी कुठलं इंजिन बसवलंय देव जाणे, आणि लाइनर आधी बोअर केलेला असेल तर तेही मोजायला पाहिजे, म्हणून जुना पिस्टनच पिशवीत घालून न्या. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तसाच नेला, दुकानदाराने बघून मापासकट सांगितलं. किरकोळ पाने, जुने मीटर, पितळी पाट्या यासाठी पुण्याचा जुना बाजार, बुधवारी किंवा रविवारी.

जाळीवरचा तारा बघून भाव वाढवू नका. टाटा आणि मर्सिडीजचा करार 1954 ते 1969 होता, त्या काळातल्या गाड्यांवर तारा असायचा, पण तारा नंतरही चिकटवता येतो. चॅसीवरचा नंबर घासून वाचा आणि आरसीशी जुळवा. घाईने सँडब्लास्ट करून वर रंग मारू नका, नंबर त्यातच जातो, माझ्या ओळखीच्या एकाचा गेला आणि आता ती गाडी नुसती शोभेला आहे.

कागदाचं शेवटी बघू म्हणणाऱ्यांनी आधी बघा. थकलेला टॅक्स, बँकेचा बोजा, मेलेल्या मालकाच्या नावावरची आरसी, हे सगळं गाडीबरोबर तुमच्या गळ्यात येतं. 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी जो नियम आला तो दुचाकी आणि खासगी चारचाकीसाठी आहे, मालवाहू ट्रकला त्याचा आधार धरून व्यवहार करू नका. आधी आरटीओत जाऊन विचारा आणि मगच टोकन द्या. मी आधी टोकन दिलं होतं, त्यामुळे आमची 1210 सध्या शेडच्या दारापासून वडाच्या झाडापर्यंत जाते आणि परत येते.