जीपच्या डिफमधी चहा झाला तेव्हा
आपली जुनी लीफ स्प्रिंगवाली फोर बाय फोर जीप, पाटोद्याकडं बालाघाटात पावसाळ्यात फिरवतो. मागच्या खेपेला मांजरेच्या पात्रातून काढली, घरी येऊन मागच्या डिफचा (डिफरन्शियल, म्हणजे एक्सलवरचा चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) नट खोलला तर ऑइल नाही, पाणी मिसळून दुधाचा चहाच निघाला!

मिस्त्री म्हणला, सील गेलं दादा. सील बदललं तरी पुढच्या पाण्यात परत तेच. मग बघितलं तर डिफच्या हाऊजिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायचं छोटं तोंड, काळ्या मातीनं पार बुजलेला. तापलेला डिफ थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, ब्रीदर बंद मग सीलमधूनच पाणी आत ओढलं जातं.

ब्रीदर काढून तिथं निप्पल बसवला, ८ एमएमचा पेट्रोल पाइप चेसिसला धरून वर बॉनेटमधी नेला आणि टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर. पाइपला ढील ठेवा बरं का, मी पहिल्यांदा ताणून बांधला अन् एका खड्ड्यात एक्सल खाली लटकताच उपटून आला. पुढच्या डिफलाबी तसंच केलं. ऑइल दोनदा टाकून काढलं, मग नवं ८०डब्ल्यू९० गिअर ऑइल. त्यानंतर चार वेळा नदी झाली, ऑइल स्वच्छ. सीलचे पैसे मात्र फुकट गेले.