जुन्या बॅटरीला नवी जोडताना
पाटणच्या डोंगरात पावसाळ्यात दोन-दोन दिवस ऊन पडत नाही. मग शेतघरातल्या सोलरच्या 150 एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण क्षमता) बॅटरीला तसलीच दुसरी जोडावी वाटते. जुनी दोन-तीन वर्षं राबलेली असेल तर कृपा करून जोडू नका, ती नवीलाही खाली ओढते. जोडायचीच तर दोन्ही वेगवेगळ्या फुल चार्ज करा, रात्रभर तशाच ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. दोन्हींवर 12.7 व्होल्टच्या आसपास, सारखाच आकडा हवा. टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्यानं धुऊन कोरडा करा. मग प्लसला प्लस, मायनसला मायनस. पण इन्व्हर्टरची लाल वायर एका बॅटरीवरून घ्या, काळी दुसरीवरून. भार सारखा वाटला जातो. दोन्ही मिळून चार्जिंगला साधारण 30 अँपिअर लागतात. तेवढं पॅनेल नसेल तर आधी पॅनेल वाढवा.