ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज 8 ओव्या

रविवारी चर्चमध्ये ऐकलेलं सोमवारी ऑफिसला पोचेपर्यंत विसरायला होतं, हे तुमचंही होत असेल तर एक करून बघा. स्तोत्रसंहितेतलं 119वं स्तोत्र घ्या. बायबलमधलं सगळ्यात मोठं स्तोत्र, 176 ओव्या, पण घाबरू नका, त्याचे हिब्रू मुळाक्षरांप्रमाणे 22 भाग आहेत आणि प्रत्येक भागात बरोब्बर 8 ओव्या. रोज एकच भाग.

मी ठाण्याला गाडीत बसलो की मोबाईलचं नेट बंद करतो आणि ऐरोली यायच्या आत त्या 8 ओव्या सावकाश दोनदा वाचतो, मग त्यातली एकच ओळ निवडून कागदावर लिहून खिशात ठेवतो, कारण मोबाईलमध्ये लिहिली की परत उघडून बघणं होतच नाही. पाचव्या दिवशी 37वी ओवी येते, निरर्थक गोष्टींपासून माझे डोळे वळव असा तिचा अर्थ, आणि आजूबाजूला सगळे रील्स बघत असताना ती वाचली ना की खरंच आत लागते!

पण नुसतं वाचून भागत नाही. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात 1:22 ला (पहिला अध्याय, 22वी ओवी) स्पष्टच आहे, वचन फक्त ऐकणारे होऊ नका, तसं वागा. म्हणून परत येताना तुर्भ्याला कागद काढायचा, आज ही ओळ कुठे पाळली, कुठे चुकलो ते आठवायचं, कुणाला तोडून बोललो असेन तर घरी पोचायच्या आधी फोन करून माफी मागायची. सुट्टीचे दिवस सोडले तर महिनाभरात स्तोत्र पूर्ण होतं, मग परत पहिल्या ओवीपासून सुरू करायचं.